उलट्या ‘यू’चं रसग्रहण

1958 च्या सुरुवातीला ‘नेचर’ साप्ताहिकात ॲलन मॅक्सवेल आणि गोविंद स्वरूप यांचं एक छोटं टिपण छापून आलं. सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींत त्यांना एक नवी खूण सापडली होती, आणि ती खूण म्हणजे एक वळण. आलेखाच्या करड्या पट्टीवर एक रेघ वर चढते, माथ्यावर जराशी रेंगाळते आणि खाली येते. उलटा ‘यू’. सगळा कारभार काही सेकंदांत आटोपतो. याहून देखणी, याहून रंगीत चित्रं सौरविज्ञानात ढिगानं आहेत. पण मला विचाराल तर सूर्याच्या रेडिओ-चित्रांत सर्वांत रसाळ चित्र हेच. त्यातली रेघन् रेघ वाचता येते, आणि वाचून झाल्यावर काय हाती लागलेलं नाही तेही स्वच्छ कळतं.

आधी अक्ष नीट बघायला हवेत, कारण अर्धी गंमत तिथेच आहे. आडवा अक्ष काळाचा. उभा अक्ष वारंवारतेचा, पण सौर-रेडिओवाले तो बरेचदा उलटा मांडतात: मोठी वारंवारता तळाशी, लहान माथ्याशी. यात लहरीपणा काही नाही. सूर्याच्या प्रभामंडलात, म्हणजे त्याच्या बाहेरच्या वातावरणात, जसजसं वर जावं तसतसा वायू विरळ होतो, आणि विरळ वायूतून निघणारी लहर कमी वारंवारतेची असते. म्हणून अक्ष असा मांडला की कागदावर वर चढणं म्हणजे सूर्यापासून खरोखर वर चढणं होतं. वारंवारतेचा आलेख बघता बघता उंचीचा आलेख होतो. अक्ष सुलटा केला तर हाच उलटा ‘यू’ सरळ ‘यू’ होईल, आणि मग तो गाणं ऐकणाऱ्याला चटकन उमगेल: आधी अवरोह, खालच्या स्वरावर क्षणभर न्यास, मग आरोह.

विरळपणाचा आणि वारंवारतेचा संबंध इतका सोपा आहे की तो वहीच्या कोपऱ्यात मांडता येतो. प्रभामंडल लाखो अंशांवर तापलेलं. तिथे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. अशा प्लाझ्मातून वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत गेला की तिथले स्वस्थ इलेक्ट्रॉन हेलकावू लागतात, आणि हेलकाव्यांची वारंवारता एकाच गोष्टीवर ठरते: एका घन सेंटिमीटरमध्ये इलेक्ट्रॉन किती आहेत. दहा कोटी असतील तर सुमारे 90 मेगाहर्ट्झ. दाटी चौपट झाली की वारंवारता दुप्पट. आमच्या गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर शिकाऊ वैमानिक नियंत्रण कक्षाशी बोलतात ती विमानवाहतुकीची पट्टी 118 ते 137 मेगाहर्ट्झची. तेवढ्याच वारंवारतेची लहर प्रभामंडलात उठायची तर दर घन सेंटिमीटरला साधारण 17 ते 23 कोटी इलेक्ट्रॉन लागतील. आकडा मोठा वाटतो, पण आपण श्वासात घेतो ती हवा याच्या शंभर अब्ज पटींहून दाट असते. अशा जवळजवळ पोकळीतून निघालेली कुजबुज पंधरा कोटी किलोमीटर पार करून येते आणि तिच्यात जागेची दाटी लिहिलेली असते.

सूर्य रेडिओ लहरी पाठवतो हे कळलं ते अपघातानंच. फेब्रुवारी 1942 मध्ये ब्रिटिश सैन्याची रडारं एकाएकी गोंगाटानं भरून गेली. जर्मनांनी काही नवं काढलं की काय म्हणून शोध लावायचं काम जे. एस. हे यांच्याकडे आलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की गोंगाटाची दिशा सूर्याबरोबर सरकते आहे. त्या दिवसांत सूर्यावर मोठा डाग होता. पुढे ऑस्ट्रेलियात पॉल वाइल्ड यांनी सहकाऱ्यांसह एकाच वेळी अनेक वारंवारता टिपणारं यंत्र उभारलं आणि 1950 मध्ये सूर्याच्या रेडिओ-स्फोटांचे पहिला, दुसरा, तिसरा असे प्रकार पाडले. त्यातल्या तिसऱ्या प्रकारात रेघ सरळ सुसाट वर जाते. झोत सूर्याला सोडून निघालेला असतो. प्रकाशाच्या एक-पंचमांश वेग धरला तर सेकंदाला साठ हजार किलोमीटर, पाच सेकंदांत तीन लाख. एवढ्या वेळात झोत पृथ्वी-चंद्राच्या अंतराच्या जवळपास पोचलेला असतो.

आता वळण बघा. असा सुसाट झोत मागे फिरतो म्हणजे काय? सूर्याचं गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढू शकत नाही. सूर्याच्या पृष्ठभागावरून कायमचं सुटायला सेकंदाला सव्वासहाशे किलोमीटर वेग पुरतो, आणि इथे साठ हजार आहे. वाटेत आदळून परतावं असंही तिथे काही नाही. विद्युतभारित कणाला असं डौलदार वळण देणारी एकच गोष्ट उरते, चुंबकरेषा. कण तिला धरूनच चालतो. ती बाहेर अवकाशात गेली तर तोही जाईल. ती कमानीसारखी वळून पुन्हा सूर्यात उतरली तर तोही उतरेल. म्हणजे मॅक्सवेल आणि स्वरूप यांनी टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिस इथल्या केंद्रात जी वक्ररेषा टिपली ती एका अदृश्य चुंबकीय कमानीची होती. प्रभामंडलातल्या तापलेल्या कमानी क्ष-किरणांत तपशीलवार दिसल्या त्या 1973 मध्ये, स्कायलॅबवरच्या दुर्बिणींतून. पंधरा वर्षं आधी इथे कमान न बघता तिच्यावरून प्रवास करून आलेल्यांची हकिकत ऐकून तिचा आकार ओळखला होता.

वळणाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, हे जाणकारानं विशेष बघावं. चढणारा पाय बहुधा रेखीव असतो. उतरणारा पुसट, पसरट. कारण निघताना झोत गच्च असतो. पण त्यात कमी-जास्त वेगाचे इलेक्ट्रॉन असतात, वेगवान पुढे जातात, मंद मागे राहतात, आणि माथा ओलांडेपर्यंत झोताची रांग लांबते. बऱ्याचदा तर उतार दिसतच नाही. रेघ माथ्यावर आडवी होते आणि संपते. मग त्याला ‘जे’ म्हणतात. माथ्यावर रेंगाळण्याचंही कारण आहे. तिथे कण आडवा धावत असतो, उंची बदलत नाही, दाटी बदलत नाही, म्हणून वारंवारताही बदलत नाही. कण थांबलेला नाही, आपल्याला तो थांबल्यासारखा दिसतो. एका रेघेत एवढा व्यवहार, आणि एकही खूण वाया गेलेली नाही.

मग हे चित्र काय सांगत नाही? पहिलं म्हणजे कमान सूर्याच्या तबकडीवर नेमकी कुठे आहे. दुसरं, टिपलेली वारंवारता प्लाझ्माची मूळची की तिची दुप्पट. दोन्ही घडतं, आणि दुप्पट असेल तर दाटीचा अंदाज एक-चतुर्थांशावर येतो. तिसरं सर्वांत टोचणारं: चुंबकक्षेत्राचा आकार कळला, बळ कळलं नाही. कमान आहे, पण ती दहा गॉसची (गॉस हे चुंबकक्षेत्राच्या बळाचं एकक) की पाचशेची? सौरज्वालेची, म्हणजे सूर्यावरच्या अचानक भडक्याची, सगळी ऊर्जा चुंबकक्षेत्रात साठलेली असते, तेव्हा बळ कळल्याशिवाय हिशेब लागायचा कसा?

यातल्या ‘कुठे’च्या मागे स्वरूप स्वतःच गेले. फोर्ट डेव्हिसनंतर ते स्टॅनफर्डला रॉन ब्रेसवेल यांच्याकडे गेले, तिथे ओळीनं मांडलेल्या रेडिओ-तबकड्यांनी सूर्याचे नकाशे काढण्याच्या कामात सहभागी झाले, आणि 1963 मध्ये होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथे वापरून झालेल्या, जेमतेम 1.8 मीटर व्यासाच्या 32 तबकड्या ऑस्ट्रेलियानं भारताला भेट दिल्या होत्या. त्या कल्याणला उभ्या राहिल्या: 24 पूर्व-पश्चिम ओळीत 630 मीटरवर पसरलेल्या, 8 दक्षिणोत्तर 256 मीटरवर. 1965 पासून ही दुर्बीण 610 मेगाहर्ट्झवर सूर्य बघू लागली, आणि शांत सूर्याची कड या वारंवारतेला मधल्या भागापेक्षा उजळ दिसते हे तिनं दाखवलं. पुढे उटीची रेडिओ दुर्बीण, पुढे नारायणगावजवळच्या खोडदची 45 मीटरच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी, या साऱ्या वाटचालीचा पहिला मुक्काम कल्याण. जीएमआरटीचं कौतुक आपण भरपूर करतो. कल्याणची आठवण मात्र खुद्द कल्याणात किती जणांना असेल, मला शंका आहे.

  

बळाचा प्रश्न सोडवायला मीटर-लहरी सोडून सेंटिमीटर-लहरींकडे वळावं लागतं. ज्वाला भडकली की काही इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या बरेच जवळ जातात आणि चुंबकरेषेभोवती गिरक्या घेत धावतात. गिरकीची मूळ वारंवारता दर गॉसला 2.8 मेगाहर्ट्झ, 500 गॉसच्या क्षेत्रात 1400. पण वेगवान इलेक्ट्रॉन मूळ वारंवारतेवर थांबत नाही, तिच्या दहापट, वीसपट, पन्नासपटींवर लहरी सोडतो. याला जायरोसिंक्रोट्रॉन उत्सर्जन म्हणतात. त्याच्या वर्णपटाला एक टेकडी असते: चढ, शिखर, उतार. चढाच्या बाजूला गर्दी इतकी, की आतली लहर बाहेर येण्याआधीच शोषली जाते आणि आपल्याला फक्त वरचा थर दिसतो. उताराच्या बाजूला सगळं पारदर्शक, आरपार. शिखर कुठे आहे यात क्षेत्राचं बळ मिसळलेलं असतं. पण त्यातच इलेक्ट्रॉनांची संख्या, त्यांच्या ऊर्जेची वाटणी आणि आपण कमानीकडे कोणत्या कोनातून बघतोय तेही मिसळलेलं. आकडा एक, अज्ञातं चार-पाच.

इथे एका मराठी नावाची आठवण काढलीच पाहिजे. रघुनाथ शेवगावकर, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि दिल्ली आयआयटीचे संचालक झाले ते, ऐंशीच्या दशकात सौर-रेडिओ संशोधक मुकुल कुंडू यांच्याबरोबर सौरस्फोटांवर काम करत होते. 1985 मध्ये त्यांचा निबंध आला: अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बीणसमूहातून एकाच वेळी 2 आणि 6 सेंटिमीटरवर टिपलेले स्फोट. दोन तरंगलांबी एकदम बघण्याची कल्पनाच रसिकाची आहे. कमानीचे पाय जमिनीत रोवलेले, तिथे क्षेत्र बळकट. माथा उंच, तिथे क्षेत्र दुबळं. म्हणून ज्या लहरींची वारंवारता मोठी त्यांना पायांकडे झुकायला आवडतं, लहान वारंवारतेच्या लहरींना माथ्याकडे. एकाच कमानीला दोन वारंवारतांतून बघितलं की ती वेगवेगळ्या जागी उजळते, आणि या फरकातून बळ कुठे किती याचा माग लागू लागतो.

त्या काळची मॉडेलं बहुतेक एका सुबक, दोन्हीकडे सारख्या कमानीवर उभी असत. सूर्य इतका सुबक नसतो. ज्या डागांमधून मोठ्या ज्वाला उठतात तिथे उत्तर आणि दक्षिण ध्रुव एकमेकांच्या कुशीत घुसलेले असतात, एका कमानीखाली दुसरी, तिला बिलगून पिळलेली तिसरी. मे 2024 मध्ये लडाखच्या हानले इथल्या आकाशात लाल अरोरा दिसला तो अशाच एका अवाढव्य, गुंतागुंतीच्या डागसमूहाच्या करामतीनं. अशा ठिकाणी वर्णपटाची टेकडी रुंद होते, कधी तिला दोन शिखरं येतात. आखूड, बळकट कमान मोठ्या वारंवारतेला बोलते. तिच्यावरून गेलेली लांब, विरळ कमान लहान वारंवारतेला. आणि आपल्या कानी दोघींची बेरीज पडते.

म्हणून आजचा मॉडेलकार उलटा रस्ता धरतो. उपग्रहानं टिपलेला सूर्याच्या पृष्ठभागावरचा चुंबकीय नकाशा घ्यायचा. वरचं क्षेत्र थेट मोजता येत नाही, म्हणून ते गणितानं वर चढवायचं. प्रभामंडलात वायूच्या दाबापेक्षा चुंबकाचा दाब वरचढ असतो, या भरवशावर. मग त्या रेषांच्या जंजाळातून एखादी नळी निवडायची, तिच्यात प्लाझ्मा भरायचा, वेगवान इलेक्ट्रॉन भरायचे, अवकाशाचे बारीक घन तुकडे करून प्रत्येक तुकड्यातून निघणारी आणि प्रत्येकात शोषली जाणारी लहर दृष्टिरेषेवर मोजत यायचं. शेवटी ते चित्र दुर्बिणीइतकंच धूसर करायचं आणि खऱ्या चित्राशेजारी ठेवायचं. जेलू नीता, ग्रेगरी फ्लायशमन, अलेक्सी कुझनेत्सोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘जीएक्स सिम्युलेटर’ ही प्रणाली हेच करते. जायरोसिंक्रोट्रॉन उत्सर्जनाच्या मूळ सूत्रात बेसेल फलनांच्या लांबलचक बेरजा आहेत. लाखो तुकड्यांसाठी त्या करत बसणं अशक्य. फ्लायशमन आणि कुझनेत्सोव्ह यांनी 2010 मध्ये त्या गणिताची वेगवान रीत काढली, तेव्हा कुठे गुंतागुंतीच्या क्षेत्रांची मॉडेलं आवाक्यात आली. असल्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. मिळायला हव्यात.

या पद्धतीचं आजवरचं सर्वांत चित्तथरारक फळ म्हणजे 10 सप्टेंबर 2017 ची ज्वाला. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीतल्या तबकड्यांनी ती अनेक वारंवारतांवर, सेकंदागणिक टिपली. प्रत्येक ठिपक्याच्या वर्णपटाला मॉडेल जुळवून चुंबकक्षेत्राचे नकाशे काढले गेले, एकामागून एक. 2020 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या निबंधात क्षेत्र सेकंदाला सुमारे 5 गॉस या गतीनं दोन मिनिटं ढासळताना दाखवलं आहे. साठवलेली चुंबकीय ऊर्जा खर्च होताना प्रत्यक्ष बघायला मिळाली ती अशी. 1958 च्या रेघेनं अनुत्तरित ठेवलेल्या तिसऱ्या प्रश्नाला इतकं भरघोस उत्तर दुसरं मला माहीत नाही.

तरीही रंगीबेरंगी नकाशा बघून हुरळून जाऊ नये. मॉडेल जुळलं एवढ्यानं ते एकमेव ठरत नाही. क्षेत्र थोडं कमी करून इलेक्ट्रॉन थोडे वाढवले तरी जवळपास तीच टेकडी उभी राहते. चांगला मॉडेलकार कोणता, याची माझी कसोटी साधी आहे: आपलं उत्तर किती लांब ताणलं तरी तुटत नाही हे तो सांगतो का? या कसोटीवर पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या दिव्य ओबेरॉय यांच्या गटाचं काम मला फार आवडतं. देवज्योती कंसबणिक, सुरजित मंडल आणि ओबेरॉय यांनी 2023 मध्ये सूर्यावरून उसळलेल्या वायुलोटांतल्या मंद जायरोसिंक्रोट्रॉन लहरींचा निबंध लिहिला. त्यांची निरीक्षणं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन दुर्बिणीची. साठ वर्षांपूर्वी तबकड्या आल्या त्याच देशातून आता आकडे येतात. अशा लहरींत वर्तुळाकार ध्रुवण असायला हवं. ते त्यांना दिसलं नाही. पण त्यांनी ते इतकं बारकाईनं शोधलं होतं, की ‘असलंच तर याहून कमी’ अशी घट्ट मर्यादा घालता आली, आणि तेवढ्यावर आधी जुळणारी कितीतरी मॉडेलं बाद झाली. न सापडलेल्या गोष्टीचा असा नेमका उपयोग करणं ही पक्क्या तालमीची खूण.

पण मन पुन्हा त्या साध्या रेघेकडेच जातं, आणि ती आज कोणालाही बघता येते. झुरिकमधून सुरू झालेल्या ‘ई-कॅलिस्टो’ या जाळ्याचे छोटे रेडिओग्राहक जगभर बसवलेले आहेत, भारतात गौरीबिदनूर आणि उटीलाही. त्यांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे आलेख रोज सर्वांसाठी खुले होतात. गोंदियाच्या धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयात किंवा आमगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगावच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांना माझी विनंती आहे: एका सत्राचा प्रकल्प यावर करा. सूर्य तापट असलेल्या दिवसांचे दुपारचे आलेख काढा. सरळ सुसाट रेघा पुष्कळ मिळतील, उलटे ‘यू’ मोजके. एक हाती लागला की अक्षावर मोठी वारंवारता कोणत्या टोकाला आहे ते आधी तपासा, मग सुरुवातीची आणि माथ्याची वारंवारता मोजून दाटी काढा. हिशेब दोनदा करा, एकदा मूळ वारंवारता धरून, एकदा दुप्पट धरून, आणि दोन्ही उत्तरं वहीत शेजारीशेजारी लिहून ठेवा.